मुरूम लागेपर्यंत

पहिलं वर्ष पहिलं नसतंच.
त्याच्याही आधी एक वर्ष असतं, पायाभूत,
ज्यांचं इंग्रजी लंगडं, ज्यांना आलेख वाचता येत नाही
त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी.
गुन्हेगारीशास्त्र पुढच्या वर्षी.

बाबांना त्यातलं एवढंच कळलं: पाया.
"मंग बरोबर हाय," म्हणाले, "आपली काळी माती.
उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते.
मुरूम लागेपर्यंत खंदलं नाही
तं भीत उभी नाही राहात."
आणि उकळत्या चहात आलं ठेचून टाकलं.

सहा चाळीसची एसटी. मोर्शीला बदलायची.
मांडीवर वही, वहीत प्रश्न: गुन्हा म्हणजे काय?
खाली चार व्याख्या, चारही एकमेकींशी भांडणाऱ्या.
बाहेर संत्र्याच्या बागा, टेकू दिलेल्या फांद्या.
शेजारची बाई वहीत डोकावते.
"पोलिसात जाशीन का?" नाही.
"मंग वकील?" नाही.
"मंग काहून शिकून राहिली वं?"
अजून तरी मला माहीत नाही, मावशी.
पायाचं वर्ष चाललंय.

आज सरांनी झेरॉक्स वाटल्या.
एक जुना घटनास्थळ पंचनामा, नावांवर काळी शाई.
यात काय चुकलंय ते शोधा. दहा गुण.

विहिरीवरची मोटार. तांब्याची तार, अंदाजे अकरा किलो.
पूर्वेस धुरा, पश्चिमेस नाला.
पंचांनी समक्ष पाहिले, वाचून पाहिले,
बरोबर आहे म्हणून सह्या केल्या.

नावं झाकली होती. सही झाकायची राहून गेली होती.
'न'चं फुगलेलं पोट, 'र'ची रेषेखाली लोंबणारी शेपटी,
माझ्या प्रत्येक प्रगतीपुस्तकावर आहे ती.
कोपऱ्यात कपाच्या बुडाचं अर्धं वर्तुळ.

आमचं दुकान औटपोस्टासमोर.
रस्त्यापलीकडून हाक येते,
"देवमन, दोन कट अन् एक सही."
इतकी वर्षं मी ते एकच वाक्य समजत होते.

मग तारीख वाचली. अठरा मार्च.
अठरा मार्चला बाबा अमरावतीला होते,
सरकारी दवाखान्यात, सकाळपासून दिवे लागेपर्यंत.
माझ्या डाव्या हाताचं प्लास्टर वाळत होतं,
उजव्या हातात त्यांनी आणलेला उसाचा रस.
प्लास्टरवर तारीखही त्यांनीच घातली होती
डॉक्टरचा पेन मागून.

आरोपीच्या नावावरचा कागद उजेडात धरला.
एक वेलांटी तेवढी दिसली.
आमच्या शाळेत वेलांटीची पोरं पुष्कळ होती.
त्यातला एकच दहावीच्या पेपरला आला नाही.

मी उत्तर लिहिलं:
दिशा आहेत, अंतरं नाहीत.
तारेचं वजन कुणी केलं, कशावर केलं, नोंद नाही.
पंचनामा सुरू झाल्याची वेळ आहे, संपल्याची नाही.

दहापैकी सात मिळाले.
"बारीक नजर आहे," सर म्हणाले, "नेवारे ना तू?"
मी हो म्हणाले.
उरलेले तीन माझ्या डाव्या मनगटात आहेत,
हवा बदलली की ठणकतात.

संध्याकाळी बाबांनी विचारलं,
"काय शिकोलं वं आज?"
"तारीख," मी म्हणाले. "तारीख कशी वाचायची."
"हात्, थे तं मले बी येते,"
आणि हसता हसता ते मधेच गाळणी झटकायला लागले,
रिकामी होती ती.

रस्त्यापलीकडून हाक आली.
त्यांनी दोन कप उचलले,
खिशावरून हात फिरवला, पेन होता.
माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडला.

दोन कट पोचवून यायला मिनिटभर लागतो.
मी कप विसळले. बाकडी पुसली. साखरेच्या डब्यातल्या मुंग्या काढल्या.
सात मिनिटं झाली.
वही उघडली
आणि सुरू झाल्याची वेळ लिहिली.